नेदरलँड्सहून आलेली सीएसव्ही फाइल: कॉमा, सेमीकोलन आणि ४८०० पेट्यांच्या झालेल्या ४.८ पेट्या

रेवती_लेखा | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये हिशेब बघते. आमचा माल समुद्रमार्गे रॉटरडॅमला जातो आणि विक्रीनंतर तिकडचा खरेदीदार प्रत्येक कंटेनरचा हिशेब सीएसव्ही फाइलमध्ये पाठवतो (साधी मजकूर फाइल, रकाने एखाद्या चिन्हाने वेगळे केलेले). पूर्वी पीडीएफ यायची, मी हाताने आकडे टाकायचे. या हंगामापासून सीएसव्ही येते.

फाइलवर डबल-क्लिक केलं की एक्सेलमध्ये ती विचित्र उघडते. शीर्षकांची ओळ सगळी एकाच रकान्यात येते. खालच्या ओळी मात्र भलत्याच ठिकाणी तुटून तीन-तीन रकान्यांत पसरतात. नोटपॅडमध्ये एक ओळ अशी दिसते (आकडे तिथे इंग्रजी आहेत, इथे देवनागरीत लिहिते):

थॉमसन;१२-०२-२०२४;४.८००;४,५००;२१.६००;४६.४४०,००

म्हणजे वाण, तारीख, पेट्या, एका पेटीचं वजन, एकूण किलो, रक्कम युरोत.

ऑफिसमधल्या मुलाने सांगितलं म्हणून डेटा टॅबमधून फाइल आत घेतली आणि विभाजक, म्हणजे रकाने वेगळे करणारं चिन्ह, म्हणून सेमीकोलन निवडला. रकाने व्यवस्थित पडले, मला हायसं वाटलं. ताळा म्हणून पेट्या गुणिले वजन केलं, उत्तर २१६०० आलं. पॅकिंग लिस्टवरही २१,६०० किलोच आहेत. पण रकमेच्या रकान्याची बेरीज शून्य येते आणि एकूण किलोच्या रकान्यात २१.६ दिसतंय. डोकं चालेनासं झालंय. शेतकऱ्यांची पेमेंट्स या आकड्यांवर अडली आहेत, म्हणून विचारते.

सह्याद्रीपुत्र | सोमवार, रात्री १०.०५

ताई, सोपं आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन उघडा, अ‍ॅडिशनल सेटिंग्जमध्ये जा, तिथे लिस्ट सेपरेटर असतो. कॉमा काढून सेमीकोलन टाका, एक्सेल बंद करून पुन्हा उघडा. डबल-क्लिकवर फाइल नीट उघडेल. आमच्या कंपनीत सगळ्यांना हेच करून दिलंय.

जुना_प्रोग्रामर | सोमवार, रात्री १०.५०

सह्याद्रीपुत्र, थांबा. रेवतीताई, कृपया हे आत्ता करू नका. तुमच्या फाइलमध्ये दोन वेगळे आजार आहेत आणि या उपायाने फक्त दिसणारा बरा होईल.

आधी पहिला. एक्सेल सीएसव्ही उघडताना किंवा साठवताना विभाजक स्वतः ठरवत नाही, विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगला विचारतो. आपल्याकडे इंग्लिश (इंडिया) असतं, त्यात लिस्ट सेपरेटर कॉमा. डच, जर्मन, फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज सेटिंगमध्ये सेमीकोलन. कारण साधं आहे: त्या देशांत कॉमा हे दशांश चिन्ह आहे. साडेचार ते ४,५ असं लिहितात. मग तोच कॉमा रकाने वेगळे करायला कसा वापरणार?

तुमच्या ओळी तीन तुकड्यांत का तुटल्या तेही यातच आहे. तुमच्या एक्सेलने सेमीकोलनकडे पाहिलंच नाही, त्याने कॉमा शोधले. ओळीत कॉमा दोन: एक ४,५०० मधला, एक ४६.४४०,०० मधला. दोन कॉमा, तीन तुकडे. शीर्षकात एकही कॉमा नाही, म्हणून ते सलग एका रकान्यात.

आता दुसरा आजार, जो मला जास्त घाबरवतो. रकाने बरोबर पडल्यावरही आकडे तुमच्या मशीनने भारतीय पद्धतीनेच वाचले. डच लोक हजारासाठी टिंब वापरतात आणि दशांशासाठी कॉमा. म्हणजे:

४.८०० म्हणजे चार हजार आठशे पेट्या. तुमच्याकडे झाल्या ४.८.
४,५०० म्हणजे साडेचार किलो. तुमच्याकडे झाले चार हजार पाचशे.
२१.६०० म्हणजे एकवीस हजार सहाशे किलो. तुमच्याकडे २१.६.
४६.४४०,०० हे आपल्या पद्धतीत आकडा म्हणून वाचताच येत नाही, म्हणून तो मजकूर होऊन डावीकडे चिकटला आणि बेरजेत धरलाच गेला नाही.

आणि ताळा का जमला ते बघा. पेट्या हजारपट कमी झाल्या, वजन हजारपट वाढलं. ४.८ गुणिले ४५००, बरोबर २१६००. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं. रकमेचा रकाना मजकूर झाला नसता तर हा प्रकार कोणाच्या लक्षात आला असता की नाही, मला खात्री नाही.

रेवती_लेखा | सोमवार, रात्री ११.१५

वाचून अंगावर काटा आला. मी त्या ताळ्यावर विसंबून वाणवार पेट्यांचा तक्ता पुढे पाठवणार होते. उपाय काय?

आयंडहोवनकर | मंगळवार, पहाटे २.३०

इथे नेदरलँड्समध्ये अकरा वर्षं राहतोय, रोज हेच बघतो. डच माणूस बोलतानाही 'ट्वे कोमा फैफ' म्हणतो, म्हणजे 'दोन कॉमा पाच'. पॉइंट हा शब्द त्याच्या तोंडी दशांशासाठी येतच नाही. माझी मुलगी इथल्या शाळेत जाते. तिची गणिताची वही पुण्यातल्या आजीला दाखवली तेव्हा आजीने सगळी उत्तरं आधी चूक धरली होती.

ताई, एक्सेलमध्ये असं करा. डेटा टॅबमध्ये फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही. फाइल निवडल्यावर जी खिडकी येते तिच्यात डिलिमिटर सेमीकोलन आहे ना ते बघा, आणि लगेच लोड न करता ट्रान्सफॉर्म डेटा दाबा. पॉवर क्वेरी (माहिती आत घेण्याचं एक्सेलचंच साधन) उघडेल. उजव्या बाजूला पायऱ्यांची यादी असते, तिच्यात शेवटी चेंज्ड टाइप नावाची पायरी आपोआप आलेली असेल. ती आधी पुसून टाका. हे विसरलात तर पुढचं सगळं वाया, कारण आकडे तिथेच भारतीय पद्धतीने वाचले गेलेले असतात. मग आकड्यांचे रकाने निवडा, राइट-क्लिक, चेंज टाइप, सगळ्यात खाली यूझिंग लोकेल (लोकेल म्हणजे त्या देशाची आणि भाषेची लिहिण्याची पद्धत). तिथे डेसिमल नंबर आणि डच (नेदरलँड्स) निवडा. झालं. पेट्या ४८००, वजन ४.५, रक्कम ४६४४०.

एकदा ही क्वेरी बनवून ठेवली की पुढच्या कंटेनरला फाइल बदलून फक्त रिफ्रेश करायचं.

शुभदा_क | मंगळवार, सकाळी ८.१०

ज्यांच्याकडे जुनं एक्सेल आहे त्यांच्यासाठी: टेक्स्ट टू कॉलम्सच्या तिसऱ्या पायरीवर अ‍ॅडव्हान्स्ड नावाचं बटण असतं. त्यात दशांश चिन्ह कोणतं आणि हजाराचं कोणतं ते सांगता येतं. वीस वर्षं एक्सेल वापरणाऱ्या लोकांनीही ते बटण दाबलेलं नसतं. पण रेवतीताईंसारखी फाइल डबल-क्लिकने आधीच तुटली असेल तर याचा उपयोग नाही, आधी ती आयात करतानाच नीट घ्यायला हवी.

लिब्रे ऑफिस (एक्सेलसारखाच मोफत प्रोग्राम) वापरणाऱ्यांची या बाबतीत चंगळ आहे. सीएसव्ही उघडली की तो आधी खिडकी दाखवून विचारतो: कॅरॅक्टर सेट कोणता, भाषा कोणती, विभाजक कोणता. भाषेत डच निवडली की दशांशही डच पद्धतीने वाचतो. मला हे विचारणं फार आवडतं. न विचारता गृहीत धरणारा प्रोग्राम वेगवान वाटतो, पण हिशेबात तो वेग नको.

सह्याद्रीपुत्र | मंगळवार, सकाळी ९.००

जुना_प्रोग्रामर, तुमचं बरोबर आहे. मी तपासलं. आमच्याकडे जर्मनीहून येणाऱ्या फाइलमध्ये फक्त पार्ट नंबर आणि पूर्ण संख्या असतात, तेही हजाराच्या चिन्हाशिवाय. म्हणून आमचं आजवर निभावलं. पण लिस्ट सेपरेटर बदलण्यात नेमका तोटा काय, ते सांगाल का?

जुना_प्रोग्रामर | मंगळवार, सकाळी ११.२०

सांगतो. ती सेटिंग फक्त सीएसव्हीची नाही. सूत्रातले घटक वेगळे करायलाही एक्सेल तेच चिन्ह वापरतो. ते बदललंत की इफ किंवा व्हीलुकअप लिहिताना कॉमाऐवजी सेमीकोलन द्यावा लागतो, आणि शेजारच्या टेबलावरून कॉपी केलेलं सूत्र तुमच्याकडे चालत नाही. शिवाय बँकेची, पोर्टलची, भारतातली प्रत्येक कॉमावाली सीएसव्ही आता एकाच रकान्यात उघडणार. एका परदेशी फाइलसाठी घरच्या दहा बिघडवायच्या, असा तो व्यवहार आहे.

माझा एक जुना अनुभव सांगतो. पुण्यात असताना एका जर्मन ग्राहकासाठी आम्ही एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिला होता, रोजचा अहवाल सीएसव्हीत साठवणारा. ग्राहकाची तक्रार आली की हाताने सेव्ह केलं तर सेमीकोलन येतो आणि मॅक्रोने केलं तर कॉमा. मशीन तेच, फाइल तीच. आठवडा गेला आमचा. शेवटी कळलं की व्हीबीए, म्हणजे मॅक्रो लिहायची एक्सेलची भाषा, स्वतःहून अमेरिकन इंग्रजी पद्धत धरतो आणि सेव्ह-अ‍ॅज आज्ञेत लोकल नावाचा पर्याय ट्रू दिला तरच मशीनच्या प्रादेशिक सेटिंगकडे बघतो. एक शब्द घातला आणि प्रश्न मिटला. त्याच ग्राहकाकडे आवृत्ती क्रमांक १.५ असं लिहिलं की एक्सेल त्याचा १ मे करायचा, कारण जर्मन तारखेत दिवस आणि महिन्यामध्ये टिंब असतं.

सीएसव्हीचं प्रमाण म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतात ते आरएफसी ४१८० ऑक्टोबर २००५ मध्ये आलं, म्हणजे लोक ही फाइल वापरायला लागल्यानंतर कितीतरी वर्षांनी. त्यात विभाजक कॉमा आहे, अवतरण चिन्हांचे नियम आहेत. पण दशांश कसा लिहायचा, तारीख कशी लिहायची, यावर ते काहीच सांगत नाही. सीएसव्ही फाइल स्वतःबद्दल काही सांगत नाही हीच तिची अडचण. ती कुठल्या देशात जन्मली हे तिच्या पोटात लिहिलेलं नसतं.

गणित_शिक्षक | मंगळवार, दुपारी ३.४५

इथे थोडा इतिहास सांगण्याचा मोह आवरत नाही, आणि नेदरलँड्सचा विषय निघालाच आहे. युरोपात दशांश अपूर्णांक सामान्य हिशेबात आणण्याचं मोठं श्रेय सायमन स्टेव्हिन यांना जातं. जन्म ब्रुजचा, पुस्तिका छापली नेदरलँड्समधल्या लायडनला, १५८५ साली. ती त्यांनी मोजणीदार, व्यापारी, नाणी पाडणारे अशा कामकरी लोकांसाठी लिहिली होती. गंमत अशी की त्यात कॉमाही नाही आणि टिंबही नाही. प्रत्येक अंकाचं स्थान दाखवायला ते वर्तुळात आकडा लिहीत.

टिंब वापरणाऱ्यांत पुढे स्कॉटलंडचे जॉन नेपियर येतात. युरोपच्या मुख्य भूमीवर मात्र टिंब गुणाकारासाठी गुंतलं. लायब्निझ यांनी १६९८ साली योहान बर्नुली यांना पत्रात लिहिलं होतं की गुणाकाराचं फुलीसारखं चिन्ह एक्स अक्षरासारखं दिसतं, म्हणून मला टिंब बरं वाटतं. इंग्रजांनी टिंब ठेवलं, ते इंग्रजी राजवटीतून आपल्याकडे आलं.

२००३ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठराव केला: दशांश चिन्ह म्हणून टिंब किंवा कॉमा, दोन्ही चालतील, मात्र तीन-तीन अंकांचे गट पाडताना दोन्हींपैकी काहीच वापरू नका, हवी तर मोकळी जागा सोडा. रेवतीताईंच्या फाइलमध्ये हा दुसरा भाग पाळला असता तर ४८०० चे ४.८ झालेच नसते. वर्गात मुलांना मी हे उदाहरण नक्की देणार आहे.

मडगावची_सई | मंगळवार, संध्याकाळी ६.३०

रेवतीताई, माझा प्रश्न तुझ्यासारखाच आहे गं. मी एका गेस्टहाऊसचा हिशेब ठेवते, लिस्बनच्या एका एजंटकडून बुकिंगची यादी येते. सेमीकोलन आणि कॉमा, सगळं तसंच. फक्त मी गूगल शीट्स वापरते. तिथे लोकेल कुठे असतं?

आयंडहोवनकर | मंगळवार, रात्री ८.००

सई, शीट्समध्ये लोकेल मशीनचं नसतं, प्रत्येक फाइलचं वेगळं असतं. नवी शीट उघड, फाइल मेन्यूत सेटिंग्ज, तिथे लोकेल पोर्तुगाल कर. मग इम्पोर्ट कर, सेपरेटर सेमीकोलन दे. आकडे नीट आत आले की लोकेल पुन्हा इंडिया कर. आकडे आता खरे आकडे झालेले असतात, त्यामुळे फक्त दिसण्याची पद्धत बदलते, किंमत नाही. उलट दिशेने, शीट्समधून सीएसव्ही उतरवलीस तर विभाजक कॉमाच येतो. लोकेल पोर्तुगाल असेल तर कॉमावाले आकडे अवतरण चिन्हांत टाकून देतो. ती फाइल लिस्बनच्या एक्सेलमध्ये डबल-क्लिकने एका रकान्यात उघडेल.

रेवती_लेखा | बुधवार, दुपारी १२.१०

आयंडहोवनकर दादा, तुमच्या पायऱ्या जशाच्या तशा केल्या. पहिल्या वेळी चेंज्ड टाइप पुसायला विसरले आणि पुन्हा ४.८ च दिसलं. तुमचं ठळक वाक्य परत वाचलं. आता सातपैकी सहा कंटेनरचे आकडे पॅकिंग लिस्टशी जुळले. एका कंटेनरमध्ये ३६ पेट्या कमी दाखवल्या आहेत, तो खरा फरक आहे, त्याची विचारणा वेगळी चालू केली. आधीच्या गोंधळात तो फरक कधीच सापडला नसता.

आता उलट काम. मला खरेदीदाराला शेतकरीनिहाय यादी पाठवायची आहे, त्यांच्या सिस्टीमला सीएसव्हीच हवी. शेतकऱ्यांची नावं मराठीत आहेत. मी पाठवलेल्या पहिल्या फाइलबद्दल त्यांनी कळवलं की सगळं एका रकान्यात आहे आणि नावांच्या जागी येनची चिन्हं आणि काहीबाही आहे.

शुभदा_क | बुधवार, दुपारी १.३०

येनची चिन्हं हा देवनागरीचा ठसाच समजा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं असतं. तिकडच्या एक्सेलला फाइल यूटीएफ-८ आहे हे कळलं नाही की तो प्रत्येक बाइट सुटा वाचतो. पहिला बाइट दरवेळी तोच, म्हणून वर तिरपी रेघ असलेला लॅटिन ए पुन्हा पुन्हा येतो. दुसऱ्या बाइटच्या दोनच शक्यता, त्यांतल्या एकीचं येन दिसतं.

सेव्ह अ‍ॅजमध्ये सीएसव्ही यूटीएफ-८ असा वेगळा प्रकार असतो, एक्सेल २०१६ पासूनच्या नव्या आवृत्त्यांत. तो घ्या. त्यात फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची खूण, बॉम, घातली जाते आणि समोरचा एक्सेल नावं नीट वाचतो. त्या प्रकाराच्या नावात 'कॉमा डिलिमिटेड' लिहिलेलं असलं तरी विभाजक मशीनच्या सेटिंगचाच येतो, म्हणजे तुमच्याकडे कॉमा.

आणखी एक. एक्सेल सीएसव्हीत खरी किंमत लिहीत नाही, पडद्यावर जे दिसतं ते लिहितो. वजनाचा रकाना शून्य दशांशांवर ठेवला असेल तर ४.५ चे ५ जातील. एकूण किलोला भारतीय गटांचे कॉमा लावले असतील तर तेही जातील. बारा अंकी क्रमांक १.२३ई+११ असा दिसत असेल तर तिकडे तोच पोचेल, मूळ अंक गेलेच. साठवण्याआधी आकड्यांच्या रकान्यांचं फॉरमॅट तपासा.

विदर्भ_ते_टेक्सास | बुधवार, रात्री ११.५०

तारखांचंही सांगून ठेवतो. आमच्या ऑफिसात भारतातून ०३-०४-२०२४ येतं, म्हणजे ३ एप्रिल. इथलं मशीन त्याला ४ मार्च करतं. १३-०४-२०२४ मात्र मजकूर राहतो, कारण तेरावा महिना नाही. एकाच रकान्यात अर्ध्या तारखा चुकीच्या आणि अर्ध्या मजकूर. भारत आणि नेदरलँड्स दोघे दिवस आधी लिहितात म्हणून रेवतीताई वाचल्या. पण त्या माल दुसरीकडेही पाठवत असतील तर तारीख २०२४-०४-०३ अशीच लिहा: वर्ष, महिना, दिवस.

जुना_प्रोग्रामर | गुरुवार, सकाळी १०.१५

पाठवायच्या फाइलबद्दल. कुणीतरी सुचवेल की पहिल्या ओळीत इंग्रजी एस-ई-पी, मग बरोबरचं चिन्ह, मग विभाजक लिहा. एक्सेल तो मानतो. मानतो खरा, पण ती फक्त एक्सेलची सोय आहे. ताईंची फाइल माणूस नव्हे, सिस्टीम वाचणार आहे. तिला ती ओळ माहितीचीच ओळ वाटेल.

त्यांना थेट विचारा: विभाजक कोणता, दशांश कोणता, तारीख कशी, अक्षरांचं एन्कोडिंग (यूटीएफ-८ की दुसरं) कोणतं. चार प्रश्न, एक ईमेल. सेमीकोलन आणि दशांश कॉमा हवा असेल तर विंडोजला हात न लावता करता येतं. एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये, अ‍ॅडव्हान्स्डखाली, यूज सिस्टीम सेपरेटर्सची खूण काढा, दशांश कॉमा करा, हजारासाठी टिंब. दशांश कॉमा झाला की एक्सेल सीएसव्ही साठवताना विभाजक म्हणून स्वतःहून सेमीकोलन घेतो. काम झालं की खूण परत लावायला विसरू नका.

आणि समोर माणूस असेल तर सीएसव्ही पाठवूच नका, एक्सेलची मूळ फाइल द्या. तिच्यात आकडे एकाच ठरलेल्या पद्धतीने साठवलेले असतात, प्रत्येक मशीन ते आपापल्या रिवाजाने दाखवतं. सूत्रंही तशीच. तुमचं इफ डच एक्सेलमध्ये आपोआप आल्स होऊन दिसतं.

प्रोग्रामिंग_शिकतोय | गुरुवार, दुपारी २.४०

वाचनखूण साठवली. पायथॉन भाषेत पांडाज ही तक्ते हाताळायची लायब्ररी वापरणाऱ्यांसाठी: रीड-सीएसव्हीला सेप सेमीकोलन, डेसिमल कॉमा आणि थाउजंड्स टिंब असे तिन्ही पर्याय द्या. आर ही भाषा वापरणाऱ्यांना तर रीड-सीएसव्ही-टू नावाचं वेगळं फंक्शनच आहे, सेमीकोलन आणि दशांश कॉमावाल्या फाइलसाठी.

माझाही एक अनुभव. एका संस्थेसाठी वेब पान केलं, देणग्यांची यादी सीएसव्हीत उतरवता यावी म्हणून. भाषा मराठी (भारत) ठेवली होती. जावास्क्रिप्टने रकमा १२,३४,५६७ अशा चक्क देवनागरी अंकांत लिहून दिल्या, लाखाच्या कॉमासकट. वाचायला सुंदर, पण त्यांच्या हिशेबाच्या प्रोग्रामने एकही रक्कम घेतली नाही. मराठीसाठी मूळ अंक देवनागरी धरले जातात, हिंदीसाठी मात्र इंग्रजी. तेव्हापासून दाखवायचा आकडा वेगळा आणि उतरवायचा आकडा वेगळा ठेवतो. उतरवताना लोकेल लावतच नाही.

रेवती_लेखा | शुक्रवार, संध्याकाळी ७.२०

चार प्रश्नांचा ईमेल गेला, उत्तरही आलं: सेमीकोलन, दशांश कॉमा, तारीख वर्ष-महिना-दिवस, यूटीएफ-८. हजारासाठी कोणतंच चिन्ह नको. त्याप्रमाणे यादी पाठवली. दीडशे शेतकऱ्यांची नावं तिकडे मराठीत दिसली, तिथल्या मुलीने त्याचा फोटो काढून पाठवला. पुढच्या कंटेनरपासून ते लोक आपल्याला मूळ एक्सेल फाइलही सोबत देणार आहेत.

३६ पेट्यांचं उत्तर अजून यायचंय. बाकी सहा कंटेनरची पेमेंट्स आज दुपारी बँकेत गेली.